नोंद ज्याची त्याची

भारतीय वेळेवर चालणारा सर्व्हर उभा करताना एक ओळ लिहावीच लागते : टाइमझोन, एशिया/कोलकाता. जगभरची यंत्रं वेळांची जी सामायिक यादी वापरतात, तिच्यात भारतीय प्रमाणवेळ कोलकात्याच्या नावावर आहे. पुण्यात मी ती ओळ इतक्या वेळा लिहिली होती की तिच्यातलं शहर मला दिसेनासं झालं होतं. २०२३च्या मे महिन्यात पत्नीचं संशोधनाचं काम बालीगंज सर्क्युलर रोडवरच्या विज्ञान महाविद्यालयात, कलकत्ता विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागात सुरू झालं. माझी नोकरी घरून करता येण्यासारखी होती. आम्ही बाबांना घेऊन गरियाहाटच्या मागे एका जुन्या घराच्या तळमजल्यावर राहायला आलो. सामानात एक छोटा संगणक होता. आम्ही तिघं कुठे कुठे फिरतो याची नोंद तो ठेवायचा.

ही नोंद कशी होते ते आधी सांगतो. फोनवर ओनट्रॅक्स नावाचं मुक्तस्रोत अ‍ॅप असतं. ठरावीक अंतर चाललं किंवा ठरावीक वेळ गेला की ते एक छोटा संदेश पाठवतं : अक्षांश, रेखांश, अचूकता किती मीटर, बॅटरी किती, आणि ही जागा कोणत्या क्षणी मोजली. घरच्या संगणकावर पोस्टग्रेस हा डेटाबेस आणि त्याला भूगोलाची गणितं करू देणारी पोस्टजीआयएस ही जोड. वर माझा थोडा कोड : आलेला संदेश तपासायचा, टेबलात ठेवायचा, आणि कुणी तारीख विचारली की लीफलेटच्या मदतीने ओपनस्ट्रीटमॅपवर त्या दिवसाची रेघ काढून दाखवायची. असं काम करणारे तयार मुक्तस्रोत प्रकल्प आहेत. ट्रॅकार तर वाहनांच्या ताफ्यांसाठी वर्षानुवर्षं वापरात आहे. मी स्वतःचं लिहिलं, कारण प्रत्येक बिंदू तिथे का पडला हे मला उकलून बघायचं होतं. आणि दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. एखाद्याचे महिनाभराचे बिंदू हाती आले, तर तो कुठे झोपतो, कोणत्या डॉक्टरकडे जातो, कुणाच्या दारात वारंवार थांबतो, हे त्याला एक शब्द न विचारता कळतं. अशी नोंद घरातच असावी, असं मला मनापासून वाटतं.

पुण्यात हे सगळं निमूट चाललं होतं. बालीगंजला आल्यावर पहिल्याच आठवड्यात बाबांची नोंद विस्कटली.

बाबा सत्तरी ओलांडलेले. पाटबंधारे खात्यातून शाखा अभियंता म्हणून निवृत्त झाले. पहाटे चालायला जाण्याची सवय जुनीच, पण पुण्यात ते उजाडल्यावर, म्हणजे सहानंतर निघायचे. कोलकाता पुण्याच्या पूर्वेला साडेचौदा अंशांवर आहे, म्हणजे सूर्याच्या हिशेबाने जवळजवळ एक तास पुढे, आणि घड्याळ मात्र दोन्हीकडे एकच. जूनमध्ये इथे पाच वाजायच्या आत सूर्य वर येतो. बाबा पावणेपाचलाच गोलपार्कवरून रवींद्र सरोवराकडे निघू लागले. आणि त्यांच्या चालण्याचा पहिला भाग आदल्या दिवसाच्या पानावर जाऊन पडू लागला. सोमवार उघडला तर बाबा रात्री घरी झोपलेले, आणि त्याच पानाच्या शेवटी पुन्हा तळ्याच्या काठी. मंगळवार उघडला तर चालणं मधूनच सुरू, घराबाहेर पडल्याची खूणच नाही.

तुटण्याची जागा रोज एकच होती : साडेपाच. तिथे कारण सापडलं. डेटाबेस वेळ साठवतो ती यूटीसीमध्ये, म्हणजे ग्रिनिचच्या वेळेत, आणि तसंच साठवणं बरोबर आहे. पण 'या दिवसाचे बिंदू दे' असं विचारताना दिवस कुठे सुरू होतो हे ज्या सेशनमध्ये प्रश्न विचारला त्याच्या टाइमझोनवर ठरतं. संगणकाला एशिया/कोलकाता माहीत होतं. अहवाल तयार करणारा भाग मात्र वेगळ्या कंटेनरमध्ये चालत होता आणि त्याचं घड्याळ यूटीसीवरच होतं. यूटीसीची मध्यरात्र म्हणजे आपली पहाटेची साडेपाच. पुण्यात साडेपाचच्या आधी घरातलं कुणी हलतच नव्हतं, म्हणून हा दोष तिथे कधी वर आला नाही. ज्या शहराच्या नावाने टाइमझोन आहे, त्याच शहराच्या सूर्याने तो उघडा पाडला. दुरुस्ती एका ओळीची होती. पण दिवस ही गोष्ट बिंदूमध्ये नसते, ती आपण नंतर लावतो, हे मला त्या ओळीने शिकवलं. तेव्हापासून टेबलात तारखेचा रकाना नाही. क्षण आहे, आणि तारीख विचारणाऱ्याच्या बाजूला आहे.

त्याहून विचित्र प्रकार माझ्या स्वतःच्या नोंदीत चालला होता. रात्री मी घरात, फोन टेबलावर, आणि नकाशावर बालीगंजहून निघालेली एक सरळ रेघ थेट पुण्यात, कोथरूडला, आमच्या जुन्या घरावर. अर्ध्या मिनिटाने परत बालीगंज. अंतर दीड हजार किलोमीटरहून जास्त. एका रात्रीत अशा कितीतरी फेऱ्या. पत्नीने नकाशा पाहिला आणि म्हणाली, "अरे, तुझा अर्धा जीव अजून तिकडेच आहे."

अशा उड्या दिसल्या की पहिला संशय उपग्रहांच्या संदेशावर जातो. जीपीएसचे उपग्रह सुमारे वीस हजार किलोमीटर उंचीवर असतात, त्यांच्या घड्याळात एका सेकंदाच्या दशलक्षांश भागाची चूक झाली तर जमिनीवर ३०० मीटरचा फरक पडतो, आणि उंच भिंतींवरून उलटून आलेला संदेश जागा सरकवतो. पण सरकवतो तो काही दहा-वीस-शंभर मीटर. आणि सरकलेले बिंदू विखुरतात. माझे कोथरूडचे बिंदू एकाच इमारतीवर, एकमेकांना चिकटून पडत होते, आणि प्रत्येकासोबत फोन ठामपणे सांगत होता : अचूकता वीस-पंचवीस मीटर. इतक्या खात्रीने चुकणारं यंत्र सहसा चुकत नसतं. त्याला कुणीतरी तसं सांगितलेलं असतं.

सांगणारा होता आमचा वायफाय राउटर. जुन्या घराच्या जाड भिंतींआड, तळमजल्यावर फोनला आकाश दिसत नाही. तेव्हा तो आसपासच्या राउटरांच्या ओळखक्रमांकांची यादी करतो आणि विचारतो, हे राउटर कुठे असतात? रस्त्याने जाणाऱ्या असंख्य फोनांनी गोळा केलेल्या माहितीतून कोणता राउटर कुठे याची मोठी यादी तयार झालेली असते. आमचा राउटर आम्ही पुण्याहून सोबत आणला होता. यादीच्या दृष्टीने तो वर्षानुवर्षं कोथरूडला होता आणि अजूनही तिथेच होता. शेजाऱ्यांचे राउटर पकडले गेले की फोन बालीगंजला यायचा, ते ओझरते झाले की आमच्याच राउटरचं ऐकून पुण्याला जायचा.

कारण कळलं, पण अशा बिंदूंचं करायचं काय, हा प्रश्न राहिला. अचूकतेवर गाळणं व्यर्थ, कारण आकडा चांगलाच होता. वेगावर गाळणं हा नेहमीचा उपाय : मागच्या बिंदूपासून इथवर यायला ताशी हजार किलोमीटरहून जास्त वेग लागत असेल तर बिंदू टाकून द्या. विमानाचे खरे बिंदू त्यातून सुटतात, दमदम विमानतळावरून पुण्याला जाणारा प्रवास शाबूत राहतो. पण या उपायात एक खोल खड्डा आहे. समजा फोन चालू झाल्यावर पहिलाच बिंदू कोथरूडचा आला. तो मागे काही नसल्यामुळे खरा धरला गेला. आता बालीगंजचा प्रत्येक खरा बिंदू अशक्य वेगाचा ठरणार आणि कचऱ्यात जाणार. खोट्या बिंदूने जागा आधी पटकावली की तो खऱ्यांना आत येऊ देत नाही. म्हणून फक्त मागे बघून भागत नाही, पुढेही बघावं लागतं : आजूबाजूच्या बिंदूंचा जमाव कोणत्या बाजूला आहे, आणि हा एकटा त्यातून तुटतो का. म्हणजे निकाल लगेच देता येत नाही. आलेला बिंदू आधी ठेवून घ्यायचा, आणि मत नंतर बनवायचं.

मी जेवताना हे बाबांना सांगत होतो. खोटे ठरलेले बिंदू रात्रीतून पुसून टाकणारी स्क्रिप्ट लिहायची तयारी होती. बाबांनी हात थांबवला.

"पुसणार म्हणजे?"

"डिलीट. टेबलातून काढून टाकायचे."

"फील्ड बुकात रबर चालत नाही," ते म्हणाले. "लेव्हल घेताना आकडा चुकला तर त्यावर एक आडवी रेघ, वर बरोबर आकडा, बाजूला सही. खालचा आकडा वाचता आला पाहिजे."

बाबांनी नीरा उजव्या कालव्यावर डंपी लेव्हल आणि स्टाफ घेऊन वर्षं काढली आहेत. पेन्सिलीने आकडा लिहून नंतर रबर चालवणाऱ्या पोराला ते दुसऱ्या दिवशी साइटवर येऊ द्यायचे नाहीत, ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आलो. पण माझ्या टेबलाशी तिचा संबंध त्या दिवशी पहिल्यांदा लागला. मी स्क्रिप्ट लिहिली, ती वेगळी. कच्च्या बिंदूंच्या टेबलाला डेटाबेसनेच कुलूप लावलं : त्यात नवी ओळ घालता येते, बदलता किंवा पुसता येत नाही. शेजारी दुसरं टेबल, त्यात मतं : अमुक बिंदू शंकास्पद, कारण अमुक, कोणत्या नियमाने ठरवलं, कधी. नकाशा दोन्ही टेबलं एकत्र वाचतो आणि शंकास्पद बिंदू फिकट दाखवतो. नियम सुधारला की मतांचं टेबल संपूर्ण पुन्हा तयार करायचं. कच्चं तसंच.

याचा लाभ पावसाळा संपता संपता दिसला. 'राउटर' असं कारण लागलेले बिंदू आठवड्यागणिक कमी होत गेले आणि मग थांबले. यादीला कळलं होतं की हा राउटर आता बालीगंजला राहतो. पुसून टाकले असते तर ही गोष्ट मला कळलीच नसती. माझा नियम फार चांगला आहे, एवढंच वाटलं असतं.

निरीक्षण वेगळं आणि गणित वेगळं ठेवण्याची ही शिस्त कोलकात्याला नवी नाही. महात्रिकोणमितीय सर्वेक्षणाची कलकत्ता पायारेषा १८३१-३२मध्ये जॉर्ज एव्हरेस्टने बराकपूर ट्रंक रोडच्या बाजूने मोजली, इंग्लंडहून आणलेल्या कोल्बीच्या भरपाई-पट्ट्यांनी. उन्हात तापून लांबी बदलू नये म्हणून त्या पट्ट्या दोन धातूंच्या होत्या. त्या कामाचे मनोरे अजून रस्त्याकडेला उभे आहेत. बाबांच्या हट्टाने आम्ही सुखचरचा मनोरा पाहून आलो. भर रहदारीत ते बराच वेळ वर बघत उभे होते. त्याच सर्वेक्षणात राधानाथ शिकदार हे हिंदू कॉलेजात शिकलेले तरुण गणिती १८३१मध्ये दाखल झाले आणि पुढे कलकत्त्याच्या कार्यालयात मुख्य गणक झाले. १५ क्रमांकाच्या शिखराचे कोन १८४९-५०मध्ये दूर मैदानातल्या सहा ठाण्यांवरून मोजले गेले होते. मोजणारे तिकडे, आणि हवेतून येताना किरण किती वाकला याची दुरुस्ती करून उंची काढणारे इकडे. १८५६मध्ये जाहीर झालेला आकडा २९,००२ फूट. आज मान्य असलेली उंची ८,८४८.८६ मीटर, म्हणजे २९,०३१ फुटांच्या जरा वर. शंभराहून अधिक मैलांवरून बघून एवढा जवळचा आकडा निघाला. शिखराला नाव मिळालं ते उंची काढणाऱ्याचं नव्हे, एव्हरेस्टचं, हे बाबांना आजही खटकतं. मलाही.

डिसेंबर २०२३मध्ये गुगलने जाहीर केलं की टाइमलाइनची नोंद यापुढे त्यांच्या सर्व्हरवर न राहता ज्याच्या त्याच्या फोनमध्ये राहील. वर्षभरात संगणकावर दिसणारी टाइमलाइन बंद झाली. दिशा योग्य होती, पण मला माझी जुनी वर्षं एकत्र हवी होती, म्हणून फोनमधून फाइल काढली. तिच्यात जागा साध्या मजकुरात लिहिलेली असते : आधी अक्षांश, अंशाचं चिन्ह, स्वल्पविराम, मग रेखांश. मी नकाशासाठी जिओजेसन हा साचा वापरतो, त्यात क्रम उलटा : आधी रेखांश. मुक्तपणे मिळालेल्या एका रूपांतर-स्क्रिप्टने दोन्ही आकडे होते त्याच क्रमाने पुढे ढकलले.

परिणाम बघण्यासारखा झाला. पुणे १८.५२ उत्तर, ७३.८६ पूर्व. उलटं केलं की ७३.८६ उत्तर, १८.५२ पूर्व : नॉर्वे आणि स्वालबार यांच्या मधला समुद्र, बेअर आयलंड या बेटाच्या साठेक किलोमीटर दक्षिणेला. कर्वे रोड, लकडी पूल, पर्वती, सगळं त्या बर्फाळ पाण्यात जसंच्या तसं, फक्त आरशातल्यासारखं उलटं आणि ताणलेलं. हे दिसलं म्हणून लगेच ओळखता आलं. पण कोलकात्याचे बिंदू कुठेच नव्हते. टेबलात मोजले तर संख्या पुरी. नकाशावर एकही नाही. कोलकाता उलटं केलं की अक्षांश येतो ८८.३६, उत्तर ध्रुवापासून दोनशे किलोमीटरच्या आत. आणि संकेतस्थळांवरचे नकाशे ज्या मर्केटर प्रक्षेपावर चालतात, त्यात जग चौरसात बसवण्यासाठी ८५ अंशांच्या जरा पुढे ते कापून टाकलेलं असतं. कोलकात्याचं माझं सगळं आयुष्य नकाशाच्या कडेबाहेर पडलं होतं. नकाशावर दिसत नाही ते टेबलात नाही असं नाही, हे तेव्हापासून मी पहिल्यांदा तपासतो.

याच्या उलटही घडतं : नकाशावर दिसतं ते घडलेलं नसतं. एका सकाळी बाबांची रेघ रवींद्र सरोवराच्या पाण्यावरून सरळ आरपार गेलेली दिसली. तळं १९२०च्या दशकात खोदलेलं, चांगलं मोठं आहे. काठाने वळसा घालायला वेळ लागतो. बाबा एका बाकावर बसतात, वर्तमानपत्र वाचतात. फोन खिशात निश्चल, पडदा बंद. अँड्रॉइडच्या सहाव्या आवृत्तीपासून असा फोन गाढ झोपतो आणि अ‍ॅपांना मधूनमधून थोडाच वेळ जागं होऊ देतो. शिवाय काही फोनांत बॅटरी वाचवण्याचे त्यांचे स्वतःचे आणखी कडक नियम असतात, ते अ‍ॅप बंदच करून टाकतात. बाबा उठून निघाले, पण फोन जागा झाला तो पलीकडच्या काठावर, आणि माझ्या कोडने दोन बिंदू जोडून मधे रेघ मारली. फोनच्या सेटिंगमधून ओनट्रॅक्सला बॅटरीच्या नियमांतून सूट दिली, जागेची परवानगी 'नेहमी' अशी केली, आणि प्रश्न बराचसा मिटला. पण मला टोचली ती रेघ. दोन बिंदूंच्या मधे काय झालं हे फोनने सांगितलेलं नव्हतं, ते माझ्या कोडने ठरवलं होतं. आता बराच वेळ शांतता गेली की नकाशा तुटक रेघ काढतो.

अशीच एक रेघ पुढच्या मार्चमध्ये हुगळी नदीवर आली. हावडा पूल उत्तरेला, विद्यासागर सेतू दक्षिणेला, आणि माझी तुटक रेघ मधल्या पाण्यावरून, जिथे पूल नाही. मी दोष शोधायला बसलो आणि मग आठवलं. मार्च २०२४मध्ये हावडा मैदान ते एस्प्लनेड मेट्रो सुरू झाली होती आणि मी तिने आलो होतो. नदीखालचा बोगदा ५२० मीटरचा, गाडी तो पाऊण मिनिटात पार करते. नकाशा यंत्राच्या बाजूने पूर्ण खरा होता. तुटक रेघेने 'इथलं मला माहीत नाही' एवढंच म्हटलं होतं, आणि तेवढंच म्हणणं योग्य होतं.

पत्नीच्या कामामुळे या साधनाला खरी कसोटी मिळाली. तिचं क्षेत्रकाम सुंदरबनात. बालीगंज स्टेशनवरून कॅनिंग लोकल, पुढे रस्त्याने गोदखाली, तिथून नाव. खाड्यांमध्ये नेटवर्क नाही. ओनट्रॅक्स बिंदू फोनमध्ये साठवून ठेवतं आणि परतीच्या वाटेवर नेटवर्क मिळालं की सगळे एकदम पाठवतं, तेही नेहमी ओळीने नाही. सर्व्हरवर पोहोचल्याच्या वेळेने लावले तर नावेची वाट म्हणजे विसकटलेला दोऱ्याचा गुंडा. मोजल्याच्या वेळेने लावले तर सुरेख. दोन्ही वेळा ठेवाव्यात. एक सांगते माणूस केव्हा तिथे होता, दुसरी सांगते बातमी घरी केव्हा आली.

तिला यातून झाडांच्या जागा हव्या होत्या. तिच्या जुन्या कॅमेऱ्यात जीपीएस नाही, म्हणून फोटोची वेळ आणि नोंदीतली वेळ जुळवून फोटोला जागा लावायची. एका फेरीतले फोटो जुळवले तर सुंदरीची रोपं नदीच्या मधोमध उगवलेली. सगळे फोटो सारखेच, अर्ध्या तासाने पुढे. त्या दिवशी पहाटे सीमेजवळ फोनने बांगलादेशचा टॉवर पकडला होता, त्याचं घड्याळ आपोआप तिकडच्या वेळेवर गेलं होतं, आणि ते बघून तिने कॅमेऱ्याची वेळ लावली होती. नोंदीतली वेळ यूटीसीमध्ये, तिला सीमा लागत नाही, म्हणून ती शाबूत. फोटोंमधून ३० मिनिटं वजा केली आणि रोपं काठावर आली. वजाबाकी मूळ फोटोंत केली नाही, वेगळ्या फाइलमध्ये केली. हे मला सांगावं लागलं नाही. आता प्रत्येक दिवसाचा तिचा पहिला फोटो फोनच्या पडद्याचा असतो, ज्यावर ओनट्रॅक्सने मोजलेली वेळ सेकंदासकट दिसते.

घरच्या यंत्राची देखभाल थोडक्यात सांगतो. इथल्या आमच्या इंटरनेट जोडणीला स्वतःचा सार्वजनिक पत्ता नाही, अनेक घरं मिळून एका पत्त्याआड असतात, त्यामुळे बाहेरून घरच्या संगणकाला हाक मारता येत नाही. भाड्याच्या एका छोट्या सर्व्हरमार्फत वायरगार्डचा बोगदा काढला. त्या सर्व्हरवर डेटा राहत नाही, फक्त ये-जा होते. वैशाखात काळबैशाखीचं वादळ आलं की फांद्या पडतात आणि वीज जाते, आणि मेमरी कार्डावर लिहिता लिहिता वीज जाणं डेटाबेसला सोसत नाही, म्हणून एसएसडी आणि लहान यूपीएस. यंत्र माळ्याजवळच्या फळीवर, कारण हा तळमजला आहे. २३ सप्टेंबर २०२५च्या पहाटे दक्षिण कोलकाता पाण्याखाली गेलं तेव्हा त्या फळीचं महत्त्व सगळ्या घराला कळलं. रोज रात्री एक कूटबद्ध प्रत ठाण्याला ताईच्या घरी जाते, ३० दिवसांच्या प्रती राहतात, किल्ली इथे.

ताईचा विषय निघाला म्हणून सांगतो. तिला ही नोंद बघायची होती. "अरे, बाबा नव्या शहरात, भाषा येत नाही, पहाटे अंधारात निघतात. मला दिसले पाहिजेत." तिची काळजी खरी होती. मी बाबांना विचारलं. त्यांनी दोन दिवस घेतले आणि अटी सांगितल्या : ताईला आत्ता कुठे आहेत ते दिसेल, काल कुठे होते ते दिसणार नाही; आणि ती बघेल तेव्हा त्यांच्या फोनवर तसं येईल. मी तसंच बांधलं. ताई आधी थोडी नाराज झाली. मग तिने बघितलं की बाबांना संदेश जायचा आणि ते तिला फोन करायचे, आणि दोघांचं बोलणं आधीपेक्षा वाढलं.

गेल्या हिवाळ्यात बाबा माझ्याकडे आले आणि म्हणाले, "एका सकाळची नोंद काढून टाकायची आहे."

"म्हणजे रेघ मारायची?"

"रेघ नाही. काढून."

मी त्यांना फील्ड बुकाची आठवण दिली. ते शांतपणे म्हणाले, "ते खात्याचं पुस्तक होतं. त्यातल्या आकड्यावर पाणी सुटायचं, लोकांची शेतं होती त्याच्यावर. हे माझं चालणं आहे."

मी कारण विचारलं नाही. पण काम मोठं निघालं. कच्च्या टेबलाला मीच कुलूप लावलेलं. ते कुलूप कोडसाठी तसंच ठेवलं आणि नोंदीच्या मालकासाठी एक दार काढलं : ज्याचे बिंदू त्याच्याच पासवर्डने उघडणारं, माझ्या अ‍ॅडमिनच्या खात्याला बंद. बिंदू गेले की मतांचं टेबल, थांब्यांची यादी, दिवसाची गोषवारा-ओळ, नकाशासाठी साठवलेली रेघ, सगळीकडून ती वेळ जायला हवी. मग लक्षात आलं, ओळींना चढते क्रमांक आहेत. मधलेच क्रमांक गायब असले की इथे काहीतरी होतं आणि ते काढलं, हे कुणालाही कळेल. क्रमांक बदलून यादृच्छिक ओळखचिन्हं केली. आता काढलेली सकाळ आणि फोन बंद असलेली सकाळ सारखीच दिसते, तुटक रेघेसारखी. राहिल्या ठाण्याच्या प्रती. त्या ३० दिवसांत आपोआप गळतात, पण गळल्या हे दाखवता आलं पाहिजे. महिना उलटल्यावर सगळ्यात जुनी प्रत वेगळ्या डिस्कवर उघडली आणि बाबांना खुर्चीवर बसवलं. तारीख त्यांनी स्वतः टाकली. मी पडद्याच्या पलीकडे बसलो होतो.

"रिकामं आहे," ते म्हणाले. मग चष्मा पुसत विचारलं, "आणि ताईचं ते चालू आहे ना? दोन दिवस तिने बघितलं नाही."